टणटण वाजलेलं पित्ताशय

काल गोडादऱ्याच्या बाजारात मांडे भाजायचं खापर घेताना मी ते बोटाने वाजवून पाहिलं, आणि तो खणखणीत आवाज ऐकून आईचं ऑपरेशन आठवलं. तिचं पोट दुखत होतं म्हणून सोनोग्राफी केली, तेव्हा डॉक्टर तिला म्हणाले होते की पित्ताशयात कॅल्शियम साचून ते चिनी मातीच्या भांड्यासारखं कडक झालंय. असं फार थोड्यांना होतं, पण कॅन्सरची भीती असते, काढलेलंच बरं. ऑपरेशननंतर त्यांनी मला आणि वडिलांना बोलावून ट्रेमधलं पित्ताशय दाखवलं. छोट्या वांग्याएवढं, पांढरंफटक. त्यावर चिमटा आपटत डॉक्टर कौतुकाने म्हणाले, "देखो, कैसा बजता है!" वडिलांच्या तोंडचं पाणी पळालं. शुद्धीवर आलेल्या आईने मात्र आधी तेच विचारलं, "वाजाडी देखं का?" वडील म्हणाले, "डॉक्टरांनीच वाजवलं. टणटण वाजलं." "मंग तडा नही त्याले," म्हणत ती खुशाल झोपून गेली. जन्मभर खापरं वाजवून घेतलेल्या बाईला तेवढं पुरलं. आम्हाला मात्र त्या पित्ताशयाच्या तपासणीचा रिपोर्ट येईपर्यंत घास गोड लागेना. रिपोर्ट चांगला आला, तेव्हा वडिलांनी दवाखान्याच्या जिन्यातूनच घरी फोन लावला. कॅन्सर नाही हे ऐकून आई म्हणाली, "ते ठाऊक व्हतं, आता लवकर या, मांडे गार होतील." कालचं खापर घरी आणलं, तर तिने ते माझ्या हातातून घेतलं, कानाशी धरलं आणि पुन्हा वाजवून पाहिलं. डॉक्टरांच्या टकटकीवर जो विश्वास, तो माझ्या टकटकीवर अजून नाही.