मार्च एंडिंगपर्यंतचा लॅपटॉप

उमरेड रोडवरच्या एका पाइप बनवणाऱ्या कंपनीत मी आयटी विभागात काम करते. विभाग म्हणजे मी आणि माझे साहेब. साहेब काचेच्या केबिनमध्ये बसतात, मी केबिनच्या बाहेर, आणि माझ्या मागच्या लोखंडी कपाटात लोकांनी परत केलेले लॅपटॉप. माणसांशी बोलणं मला पहिल्यापासून जड जातं. म्हणून हे काम मानवलं. लॅपटॉपशी बोलावं लागत नाही, उघडून पाहिला की पुरतं.

पाहिलं की बरंच कळतंही. सेल्सवाल्यांचे लॅपटॉप कोपऱ्यांवर चेपलेले असतात, कारण ते गाडीच्या डिकीतच राहतात. एचआरच्या मॅडमच्या लॅपटॉपला हँडक्रीमचा वास येतो. प्लांटमधून आलेल्यांच्या पंख्यातली धूळ चिमट्याने ओढली तर चिंधीसारखी सबंध बाहेर येते. तरीही हे जाड, काळे, दिसायला अगदी साधे ऑफिसचे लॅपटॉप वर्षानुवर्षं चालतात. कॉलेजमध्ये मी हट्टाने एक पातळ, चंदेरी लॅपटॉप घेतला होता. दुसऱ्याच वर्षी त्याची बिजागरी तुटली आणि पुढची परीक्षा मी स्क्रीनला पुस्तकांचा टेका लावून काढली. इथले लॅपटॉप दिवसभर उघड-बंद होतात, पण स्क्रीन जिथे सोडाल तिथे थांबते. बॅटरी तेवढी लवकर बसते. आपल्या उन्हाळ्यापुढे तिचा इलाज नाही.

अकाउंट्समध्ये एक काकू आहेत. बाकी सगळे त्यांना मॅडम म्हणतात. मी काकू म्हणते, कारण पहिल्याच दिवशी त्यांनी डबा पुढे करून मला विचारलं होतं की, एकटी कशाला जेवतेस. त्या रोज उमरेडहून एसटीने येतात आणि येत्या मेमध्ये रिटायर होणार आहेत.

ऑफिसमधला सगळ्यात जुना लॅपटॉप त्यांचा. नियमाप्रमाणे तो केव्हाच बदलायला हवा होता, पण दर वेळी काहीतरी सांगून त्या टाळत आल्या. त्याचं कारण मला त्यांच्या उजव्या हाताकडे पाहून कळलं. त्या लॅपटॉपच्या कीबोर्डला उजवीकडे आकड्यांची वेगळी पट्टी आहे. काकू व्हाउचरकडे पाहत राहतात आणि हात त्या पट्टीवर आपोआप फिरतो. नव्या पातळ लॅपटॉपना ती पट्टीच नसते. मी एकदा त्यांना बाहेरून जोडायचा नंबरपॅड आणून दिला होता. तो टेबलावर सरकत राहायचा आणि कागदांच्या ढिगाखाली जाऊन बसायचा. दोन दिवसांनी काकूंनी तो मला परत आणून दिला, सोबत एक संत्रं.

दिवाळीनंतर त्यांच्या लॅपटॉपचं शून्याचं बटण दबेनासं झालं. साहेबांनी तेवढ्यावरच नवा लॅपटॉप काढायला सांगितला. काकू जुना घेऊन माझ्या टेबलाशी आल्या आणि उभ्याच राहिल्या.

"आतापर्यंत ढकललं वं पोरी," त्या हळूच म्हणाल्या. "मार्चचा ताळेबंद माह्या हातचा शेवटचा. नव्या मशीनवर काही चुकलं, तं लोक म्हणतीन, जाता जाता बुढी घोळ करून गेली."

मी त्यांना खुर्ची दिली आणि बटणाची टोपी अलगद काढली. खाली तांदळाचा एक दाणा होता, कुंकवाने लाल झालेला. शेजारची बटणं काढली तर आणखी निघाले. खंडेनवमीला आमच्याकडे सगळे लॅपटॉप मोठ्या टेबलावर मांडून पूजा होते, तीही उघडे ठेवून, कारण झाकलेल्या यंत्राची कसली पूजा, असं सगळ्यांचं मत. बाकीचे लोक दोन दाणे टाकून प्रसादाकडे वळतात. काकूंनी मात्र मूठभर अक्षता वाहिल्या होत्या.

काकूंनी त्यातला एक दाणा चिमटीत उचलला. मग म्हणाल्या, "म्या तं त्याले लंबं आयुष्य मागितलं होतं."

आम्ही दोघी इतक्या हसलो की साहेबांनी काचेतून पाहिलं.

दुपारभर बसून मी तो लॅपटॉप नीट केला. कीबोर्ड झटकला, पंखा धुळीतून सोडवला, नवी बॅटरी घातली, डिस्क तपासली. त्याला काहीच झालं नव्हतं. प्रश्न साहेबांचा होता. एकदा तक्रार आली की पुढे तक्रारी येतच राहतात, असं त्यांचं म्हणणं, आणि मार्चमध्ये मशीन बंद पडलं तर बोलणी त्यांनाच बसणार. घाबरले की मी मनात इंग्रजीत वाक्यं जुळवते. तशी चार जुळवून मी केबिनमध्ये गेले आणि त्यातलं एकही वापरलं नाही. मशीन बिघडलेलं नाही, त्यात अक्षता गेल्या होत्या, एवढं सरळ सांगितलं. काकूंच्या कामाची रोज संध्याकाळी नव्या लॅपटॉपवर प्रत काढून ठेवीन, म्हणजे जुना थांबला तरी काम थांबणार नाही, हेही सांगितलं.

"आणि तरी गडबड झाली तर जबाबदारी कोणाची?" साहेबांनी विचारलं.

"माझी," मी म्हटलं. आवाज लहानच निघाला, पण त्यांना ऐकू गेला. ते म्हणाले, ठीक आहे, मार्चपर्यंत.

त्यानंतर मी रोज संध्याकाळी अकाउंट्समध्ये जाऊ लागले. प्रत काढायला थोडाच वेळ लागायचा, पण मार्च सुरू झाल्यावर मी उगाच रेंगाळायचे. पंख्याचा आवाज ऐकायचे, लॅपटॉपच्या खालून हात लावून पाहायचे. काकू आकडे टाकत राहायच्या. एकदा मान वर न करता म्हणाल्या, "काहून उभी राहतं वं रोज? तो पळून नाही चालला." बाजूचे दोघे हसले. मीही हसले, पण तपासल्याशिवाय गेले नाही.

शेवटच्या आठवड्यात बाहेर ऊन तापलं आणि आतला एसी दोनदा बंद पडला. नव्यांपैकी एक लॅपटॉप तापून आपोआप बंद झाला. काकूंच्या लॅपटॉपचा पंखा जोरात फिरत राहिला, एवढंच. एकतीस तारखेला दुपारी त्यांनी शेवटची बेरीज पाहिली, पुन्हा पाहिली, आणि खुर्ची मागे सरकवली.

"जुळला," त्या म्हणाल्या. मग पर्स उचलली. "चाल, रस पिऊन येऊ. तुह्याबी जिवाले आराम."

एरवी मी काहीतरी काम काढून नाही म्हटलं असतं. त्या दिवशी गेले. रस्त्यापलीकडच्या रसवंतीत बाकावर बसल्यावर त्यांनी विचारलं की, मेमध्ये त्या गेल्यावर लॅपटॉपचं काय होणार. मी सांगितलं, तो आधी माझ्या टेबलावर येईल. त्यांच्या जागी येणारीला आकड्यांची पट्टी हवी असली तर साहेबांना विचारून तिला देईन. अजून चालण्यासारखा आहे.

काकूंनी बर्फ बाजूला सारून एक घोट घेतला. "तिले सांगजो, चांगला हाय म्हणून. नाहीतं जुना पाहून नाक मुरडन."

"सांगीन," मी म्हटलं, आणि रसवाल्याला स्वतःहून अजून दोन ग्लास सांगितले.