भाच्याची बॅग आणि माझे एक वाक्य

रत्नागिरीच्या महाविद्यालयात भूगोल शिकवून मी निवृत्त झालो, तोवर गोल्फचा चेंडू कधी हातातही धरला नव्हता. आमच्या सड्यावर कातळ आणि कुसळे. तिथे हा खेळ कोण खेळणार? परंतु माझे मेहुणे मुंबईतल्या एका क्लबात हिरवळ राखण्याच्या नोकरीत होते, आणि त्यांचा मुलगा तिथेच, सभासदांनी टाकून दिलेल्या काठ्यांनी खेळत खेळत व्यावसायिक खेळाडू झाला. आशियातल्या निरनिराळ्या देशांत आठवड्यामागून आठवडा चालणाऱ्या पुरुषांच्या स्पर्धा तो खेळतो. हंगामाच्या अखेरीस क्रमवारीत ठराविक क्रमांकाच्या आत राहिले तरच पुढल्या वर्षीची जागा टिकते. नाहीतर पुन्हा पात्रता फेरी.

मागल्या हंगामाच्या तोंडावर त्याची बॅग वाहणाऱ्या कॅडीची पाठ धरली. भाचा थेट माझ्याकडे आला.

"मामा, तू चल."

"मी? मला त्यातले काय कळते?"

"आरे-वाऱ्याच्या पुळणीवर रोज दोन तास चालतोस. वारा कळतो तुला. आणि मुख्य म्हणजे तू बोलत नाहीस."

माझ्याकडेच राहणारी माझी बहीण, म्हणजे त्याची आई, चहा गाळत होती. "ने रे त्याला. घरात खुर्ची आणि तो, दोघं सारखेच. खुर्ची निदान करकरते तरी."

अशा रीतीने, साठीला टेकलेला मी बँकॉक, जकार्ता, तैपेई करीत फिरू लागलो. पहिल्याच दिवशी बॅगेचा पट्टा उलटा अडकवला होता. एका वयस्क थाई कॅडीने, न हसता, तो माझ्या खांद्यावर नीट बसवून दिला आणि ओला टॉवेल मानेवर कसा ठेवायचा ते दाखवले. आम्हा दोघांना एकमेकांची भाषा येत नव्हती. तरीही प्रत्येक गावी तो भेटला की माझा पट्टा तपासून पाही. त्याचे ऋण मी शब्दांत कधी सांगू शकलो नाही, म्हणून ते इथे नोंदवतो.

काम सोपे होते असे म्हणवत नाही, पण शिकण्याजोगे होते. काठ्या पुसाव्यात, वाळूतले ठसे दाताळ्याने सारखे करावेत, वारा कुठून येतो ते सांगावे. भाच्याने एक नियम मात्र बजावला होता: कोणती काठी घ्यावी, फटका कसा मारावा, याविषयी दुसऱ्या खेळाडूशी अवाक्षर बोलायचे नाही. कॅडीची चूक ती खेळाडूचीच चूक धरतात आणि त्याच्या हिशेबात दोन फटके वाढवतात; ज्याचे फटके कमी तो पुढे. हा नियम पाळणे मला जड जाईल, असे कोणालाच वाटले नाही.

हंगामाची शेवटची स्पर्धा व्हिएतनामच्या किनाऱ्यावर होती. जागा टिकते की जाते, ते तिथेच ठरणार होते. तिसऱ्या दिवशी, चौदाव्या होलवर, भाचा झाडीपलीकडे आपला चेंडू पाहायला गेला होता. आमच्याबरोबर खेळणारा एक कोवळा मुलगा दोन काठ्या हातात घेऊन स्वतःशीच पुटपुटत होता; त्याचा कॅडी मागे वाळू सारखी करीत होता. वरचा वारा त्याच्या ध्यानात आलेला नव्हता. चौतीस वर्षे फळ्यापाशी अडलेली मुले पाहिलेल्या माझ्या तोंडून इंग्रजीत निघून गेले, "वर वारा अंगावर येतोय, मोठी घे." त्याने घेतली. चेंडू झेंड्याजवळ थांबला. त्याने हात उंचावून माझे आभार मानले, आणि मला भाच्याचा नियम आठवला.

तीन होल मी गप्प चाललो. माझे वाक्य त्या मुलाखेरीज कोणी ऐकले नव्हते. अठराव्याकडे जाताना मात्र मी बॅग खाली ठेवली.

"चौदाव्यावर मी त्या मुलाला काठी सांगितली."

भाचा थांबला. "नक्की बोललास? नुसता पुटपुटला असशील."

"पूर्ण वाक्य होते. कर्ता, कर्म, क्रियापद, सगळे."

त्याने हातमोजा काढून खिशात घातला. मग म्हणाला, "आख्ख्या हंगामात एक वाक्य बोललास, मामा, तेही दोन फटक्यांचं!" गुणपत्रकावर सही करण्याआधी त्याने पंचांना सारे सांगितले. माझ्याकडे बोट दाखवले नाही. "माझ्याकडून नियम मोडला," एवढेच म्हणाला. दोन फटके वाढले. दुसऱ्या दिवशी तो उत्तम खेळला, आणि एका फटक्याने त्याची जागा गेली.

रत्नागिरीला परतल्यावर बहिणीसमोर मी मान खाली घालून सारे सांगितले.

"जन्मभर पोरांना सांगत होतास ना, विचारल्याशिवाय बोलू नका?" ती म्हणाली. मग माझ्या ताटात माशाची आणखी एक तुकडी वाढली. "खा. काटा बघून खा."

शेजारच्या ताटावर बसलेल्या भाच्याला मी म्हटले, "तुझा जुना कॅडी आता बरा आहे. पात्रता फेरीला त्याला ने."

"त्याला दुसरं काम मिळालंय. आणि नसतं मिळालं तरी तुलाच विचारलं असतं." तो भात कालवत होता, वर न पाहता बोलला. "तू गप्प बसला असतास तर मी खोट्या आकड्याखाली सही केली असती, मामा. जागा राहिली असती. पण पुढे कधीतरी तू सांगितलंच असतंस, तुझ्या पोटात राहिलं नसतं. मग मी ती जागा घेऊन काय केलं असतं?"

आजन्म संकोचाने जगलेल्या माणसाला, त्याची चूक माहीत असूनही, कोणीतरी पुन्हा सोबत बोलावते, हे मला या वयात मिळाले. पात्रता फेरी पुढल्या सोमवारी आहे. तिथे काय होईल ते मी सांगू शकत नाही. होकार मात्र त्याच जेवणात, हात धुण्याआधी, देऊन टाकला.