गोळी दिलीस का?

पोराच्या डोक्याला टेंगूळ आलं की आमच्या थळच्या कोळीवाड्यात प्रत्येक जण वैद्य व्हायचा. ज्याला स्वतःच्या पायातला काटा काढता येत नाही, तोही पोराच्या कपाळाला हात लावून निदान सांगायचा. हे मी ऐकीव सांगत नाही. तीस सालाच्या आसपास माझा थोरला आठ महिन्यांचा असताना झोळीतून पडला, तेव्हा वाड्यातली सगळी अक्कल माझ्या ओटीवर गोळा झाली होती.

मी तेव्हा पहाटे मासळीची पाटी डोक्यावर घेऊन अलिबागच्या बाजाराला चालत जायची. नवरा होडीवर. पोर सासूपाशी. आता सासूनं बोंबील वाळत घालायचे की झोळी हलवत बसायचं? म्हणून निघताना मी पोराला बाळगोळी चाटवायची. नाव मोठं गोंडस, पण होती ती अफूच. पोर दुपारपर्यंत हूं की चूं करत नसे. वाड्यातल्या सगळ्या बाया ती द्यायच्या आणि एकही कबूल करायची नाही. "आमचं पोर मुळातच गुणी," असं सांगायची रीत होती. इतकी गुणी पोरं एका वाड्यात कशी जन्मली, हे कुणी विचारत नसे.

त्या दिवशी बाजारातून आले तर ओटीवर ही गर्दी. झोळीची गाठ सुटून पोर खालच्या पाट्यावर आपटलं होतं. कपाळावर सुपारीएवढं टेंगूळ.

"लई बोंबलला गो," सासू म्हणाली. "आता निजलाय. बरा हाय."

एकीनं टेंगळावर पळीची पाठ दाबली. दुसरीनं हळद थापली. शेजारणीनं पाट्याला दोन चपराका मारल्या, पोराला लावलंस म्हणून. पाट्याला काही झालं नाही, हिचाच हात सुजला. शेजारचा म्हातारा तरुणपणी आगबोटीवर खलाशी होता, त्यामुळे त्याला जगातलं सगळं कळायचं. तो म्हणाला, "टेंगूळ दाबून बसवा, न्हायतर मेंदूत उतरंल." बाहेर आलेलं टेंगूळ आत कसं उतरणार, हे विचारायची कुणाची छाती नव्हती.

मग सासूनं मीठ-मिरच्या ओवाळून चुलीत टाकल्या. ठसका लागला तर दृष्ट नाही, न लागला तर दृष्ट जबर, हा आमचा कायदा. त्या दिवशी असा ठसका उठला की म्हातारा डोळे पुसत अंगणात पळाला. दृष्ट नव्हतीच म्हणून सगळ्यांना हायसं वाटलं. मी मात्र पोराकडे बघत होते. एवढ्या धुरात माझं पोर एकदासुद्धा खोकलं नव्हतं.

मी सुईणीला आणायला धावले. ह्याच बाईनं पोराला जगात आणलं होतं आणि बाराव्या दिवशी त्याच्या डोक्यावर माझा हात ठेवून, गोळी देणार नाही, अशी शपथ घ्यायला लावली होती.

ती आली. टेंगळाकडे तिनं बघितलंही नाही. "पडल्या पडल्या रडला?" म्हणून विचारलं. मग छातीवर कान ठेवला, तळव्यांना टिचक्या मारल्या, पापणी उचलली.

"गोळी दिलीस का?"

"न्हाय," मी म्हणाले. अर्धा वाडा उभा होता. शपथ मोडलेली बाई म्हणून मला कुणी बघायला नको होतं. पोर मरायला टेकलेलं आणि मी अब्रू सांभाळत होते.

तिनं माझी मान धरून मला खाली वाकवलं. पोराच्या डोळ्यांतल्या बाहुल्या मोहरीएवढ्या झाल्या होत्या.

"डोक्याच्या मारानं निजलाय का गोळीनं? खरा सांग. न्हायतर मी काय करू?"

"दिली," मी म्हणाले. "पहाटे."

तेवढ्यात मागून सासू रडत म्हणाली, "मी पन दिली. पडल्यावर. रडं थांबना म्हून."

एकावर एक दोन गोळ्या! आणि सगळे दाबत बसले होते टेंगूळ. सुईणीनं दोघींना जी शिवी घातली ती इथे लिहिता येणार नाही, पण एक अक्षरही जास्त नव्हतं. बैलगाडीतून अलिबागला जाईपर्यंत तिनं पोराला निजू दिलं नाही. थंड पाणी लावत होती, चिमटे काढत होती, आणि मला बजावत होती की डॉक्टराला पहिलं हेच सांग. मी सांगितलं. दिवेलागणीला पोर किंचाळून रडलं आणि छातीशी झटू लागलं. मी भर दवाखान्यात त्याच्याहून मोठ्यानं रडले.

दुसऱ्या दिवशी वाड्यात एकमत झालं की मिरच्यांनी गुण दिला.

पुढे सुईण गेली आणि पोर पडलं की बाया मला बोलावू लागल्या. रडलं का, ओकतंय का, अंगावर पितंय का, हे मी बघतेच. पण आधी विचारते, "गोळी दिलीस का?" सगळ्या एका सुरात सांगतात, "न्हाय." त्या न्हायची किंमत मला ठाऊक आहे. म्हणून मी सगळ्यांना ओटीवरून हाकलते, दार लावते आणि पुन्हा विचारते.