मोहोराचं वावडं

आमच्या घरात पंचांग होतं, पण ऋतू कळायला माझं नाक पुरेसं होतं. दसऱ्यानंतर डोंगरावरचं गवत कापायला माणसं गेली की माझ्या टाळूला खाज सुटायची. मग थोडे दिवस बरे जायचे. आणि आंबा-काजूला मोहोर आला की शिंका सुरू. त्या कधी एकट्यादुकट्या येत नसत, अख्खं वऱ्हाड घेऊन यायच्या. डोळ्यांतून पाणी गळायचं, नाक पिकल्या रातांब्यासारखं लाल व्हायचं, आणि वास तर महिनाभर रजेवर जायचा. एकदा आईने मला बाजारात मासळी आणायला पाठवलं. मी टोपलीत नाक घालून "ताजी आहे" असा निर्वाळा दिला. घरी आल्यावर आमच्या मांजरानेसुद्धा तोंड फिरवलं.

नुसता नाकाचा त्रास असता तर मी सोसला असता, पण शिंक म्हणजे अपशकुन. बाबा तळेऱ्याला एसटी पकडायला निघाले आणि मी शिंकले की ते परत ओटीवर बसायचे, घोटभर पाणी प्यायचे आणि मगच उठायचे. तोवर मी पुन्हा शिंकलेली असायची. बाबांच्या जेवढ्या गाड्या चुकल्या त्या सगळ्यांचं खापर माझ्या नाकावर फुटलं. पुढे पुढे तर वाडीत कोणी शुभकार्याला निघालं की आधी आमच्याकडे निरोप यायचा, पोरीला जरा परसात पाठवा. एवढा मान वाडीत दुसऱ्या कोणाला नव्हता.

शेवटी ठरलं की राखणदार रागावला आहे. आमच्या जागेचं रक्षण करणारा हा देव परसाच्या टोकाला, जुन्या रायवळ आंब्याखाली होता. आंबा त्या वर्षी पानं दिसू नयेत इतका मोहोरला होता. मला त्याच्या बुंध्याशी बसवलं, नारळ ठेवला, आणि वाडीतल्या जाणत्या म्हाताऱ्याने गाऱ्हाणं घातलं. "बा देवा म्हाराजा, ह्या पोरीक जो काय शिंकेचो तरास आसा, तो दूर कर रे म्हाराजा!" यावर जमलेल्यांनी "व्हय म्हाराजा" म्हणायचं असतं. पण मंडळींनी तोंड उघडायच्या आत मी शिंकायची. म्हातारा पुढचं वाक्य म्हणे, मी शिंके. अखेर मंडळी गप्प बसली आणि देवाला होकार द्यायचं काम मी एकटीने तडीस नेलं. घरात आल्यावर शिंका कमी झाल्या तेव्हा देवाने ऐकलं असं सगळ्यांचं मत पडलं. झाडाखालून उठवलं म्हणून कमी झाल्या, हे कोणाच्या ध्यानात आलं नाही. माझ्याही नाही, आणि मी सातवी फायनल पास होते.

लग्नाचं बघायला लागले तेव्हा मात्र यातली गंमत संपली. दाखवायचा पहिला कार्यक्रम नेमका माघात झाला. मी डोळे गाळत, खोकत, पदराने नाक पुसत पोहे दिले. पाहुणे ते अर्धे टाकून उठले आणि जाताना वाटेवर सांगत गेले, "पोरीक क्षय आसा." त्या काळात क्षय म्हटलं की माणसं त्या घरचं पाणी पीत नसत. आई चुलीपुढे बसून रडली. मला तर रडायचीही सोय नव्हती. रडले असते तरी ते कोणाला कळलं नसतं.

बाबांनी मला मालवणला डॉक्टरकडे नेलं. त्यांनी छातीला नळी लावली, पाठ ठोकली, थुंकी तपासली आणि म्हणाले, "क्षय वगैरे काही नाही. फुलांतून जी बारीक धूळ उडते, तिचं हिला वावडं आहे. आधी गवताची, मग मोहोराची. मोहोरापासून लांब राहिली की ठणठणीत."

बाबांना वावडं ठाऊक होतं ते कोळंबीचं. बाहेर येऊन म्हणाले, "सुंगटांचा वावडा असता, ता माका म्हायत आसा. पण मोहराचा? मोहरापासून लांब म्हणजे आता हिका होडयेत बसवन ठेवू?"

त्याच सुमाराला देवगडकडचं एक स्थळ सांगून आलं. मुलगा शाळामास्तर. त्याला मी पूर्वी एकदा तळेऱ्याच्या स्टँडवर पाहिलं होतं. गाडीची वाट बघताना कावळ्याने त्याच्या पिशवीतला बांगडा पळवला, आणि लोकांनी हसायच्या आधी तोच पोट धरून हसला. स्वतःला हसणारा पुरुष मी तोवर पाहिला नव्हता. मला हाच नवरा हवा होता. हे मी कोणाला बोलले नाही. मुलीने असं बोलणं म्हणजे क्षयापेक्षा वाईट.

क्षयाची बातमी त्यांच्याही कानावर गेली होती, तरी ते येऊन बघायला तयार झाले. या वेळी आम्ही डोकं चालवलं. मामाचं घर मालवणला किनाऱ्यालगत होतं, भोवती नुसते माड आणि वारा समुद्राकडून. मी आधीच तिथे जाऊन राहिले. नाक कोरडं झालं. आरशात पाहिलं तर चक्क बरी दिसत होते.

मास्तर आईवडिलांना घेऊन आले. वडील आंब्याचे बागायतदार. असा माणूस सोयरिकीला निघाला तरी कलमं त्याच्या डोक्यातून जात नाहीत. माझ्या बाबांना मोहोराच्या रोगांतलं कळतं असं त्यांनी ऐकलं होतं, म्हणून येताना ओल्या फडक्यात गुंडाळून तुडतुडे पडलेली मोहोराची डहाळी बरोबर आणलेली. मी पोह्यांचं ताट घेऊन बाहेर आले तेव्हा दोघे बाप ती वर्तमानपत्रावर झटकत, किडीवर वाद घालत बसले होते. मला बसायला पाट मांडला होता तो नेमका त्या डहाळीसमोर.

मी ताट कसंबसं खाली ठेवलं. पुढचं सांगायला नको.

"म्हणजे लोक सांगतत ता खरा?" मास्तरांच्या आई म्हणाल्या.

बाबांनी मान खाली घातली. आता हेही गेलं, असं माझ्या मनात आलं, आणि मला भयंकर राग आला. मोहोराचा, अर्धे पोहे टाकून गेलेल्या पाहुण्यांचा, माझ्या नाकाचा. दाखवायच्या कार्यक्रमात मुलीने नाव आणि शिक्षण सोडून काही बोलायचं नसतं. मी बोलले. "क्षय नाय. मोहराचो तरास आसा. ती डाळी भायर न्हेवा आणि मगे बघा."

मास्तरांच्या आई, त्या बाई, उठल्या. डहाळी अंगणाच्या टोकाला ठेवून आल्या, कागद झटकला आणि माझ्यासमोर बसल्या. चहा झाला. सगळे माझ्या नाकाकडे बघत होते. इतक्या माणसांनी इतकं निरखून माझ्याकडे पुन्हा कधी पाहिलं नाही. हळूहळू शिंका थांबल्या. बाईंनी जाऊन डहाळी परत आणली आणि माझ्या तोंडापुढे धरली. शिंका सुरू. बाहेर नेली, थांबल्या. पुन्हा आणली.

"अगो पुरे, मरात ता पोर!" त्यांचे यजमान ओरडले.

"ह्यो क्षय न्हय," बाईंनी निकाल दिला. मग त्यांचा चेहरा उतरला. "पण आमचा घर कलमांच्या मधीच आसा गो. खिडकी उघडली की मोहर."

मग मास्तर पहिल्यांदाच बोलले, तेही थेट माझ्याशी. "चार म्हयने असाच शिंकाचा लागतला. येतलंस?"

मुलीला कोण विचारतं? मला विचारलं होतं. मी घाईघाईने तोंड उघडलं, आणि शिंका आल्या, एकीवर एक. डहाळी अजून बाईंच्या हातातच होती. मामी दारातून पुटपुटली, "अपशकुन झालो."

बाईंनी ती डहाळी खिडकीतून वाळूत भिरकावली आणि हात पदराला पुसले. "दम खा," त्या मला म्हणाल्या, "आणि मगे सांग. आमका घाई नाय."

मी डोळे पुसले, नाक पुसलं, श्वास घेतला.

"येतलंय," मी म्हटलं.