तोंडपाठ गाणी

अलिबागजवळच्या एका हळदीला तो भेटला. साउंडवाला होता, नाव विचारायचं राहूनच गेलं. माणसाएवढ्या स्पीकरांशेजारी त्याचा जुनाट लॅपटॉप होता आणि दर गाण्याआधी तो त्याला बैलाला थोपटावं तसा थोपटायचा.

“विंडोज न्हाय, लिनक्स हाय यात,” तो कौतुकाने सांगू लागला. “पण हार्डडिस्क म्हातारी. स्पीकरच्या बासने हादरली की गाणं अडखळतं. म्हणून आधीच सगळी गाणी रॅममध्ये चढवतो. मग डिस्कला विचारायचंच न्हाय. सगळं तोंडपाठ!”

गाणी खरोखरच कुठे अडखळत नव्हती. पण मला राहवलं नाही. “आणि लाइट गेली तर?”

त्याने जीभ चावली. “असं बोलू नका ओ! बॅटरी मेलेली हाय. लाइट गेली की हा सगळं विसरतो.”

थोड्याच वेळात लाइट गेली. त्याने माझ्याकडे असं पाहिलं, जणू बटण मीच बंद केलं.

मांडव गप्प झाला. तेव्हा कुठे नवरीजवळ बसलेली म्हातारी धवलारीण ऐकू आली. लग्नाची गाणी ती मघापासून म्हणतच होती. स्पीकरांपुढे कुणाला कळलं नव्हतं. बायकांनी तिच्यामागे सूर धरला.

“हिला बघा,” तो हसला, “लाइट लागतच न्हाय.”

लाइट आली. नवरीचा मामा ओरडला, “अरे, लाव की गाणी!”

“थांबा मामा, रॅममध्ये चढतायत,” तो म्हणाला.

लॅपटॉप त्याने मिटून मांडीवर घेतला होता आणि त्याच्या झाकणावर बोटांनी म्हातारीच्या गाण्याचा ठेका धरला होता.