सूपभर ज्वारी आणि माझं नाव

माझं नाव जर्रीन कुलकर्णी. 'ज' 'जरा'मधला, 'जगा'तला नाही; 'र' दोनदा. फारसीत अर्थ सोनेरी. एरवीही सगळ्यांना सांगावंच लागतं, म्हणून प्रवासाआधी सांगून टाकते.

नांदेडला एका कोचिंग क्लासमध्ये मी बायॉलॉजी शिकवते. नव्या शाखेची प्रमुख म्हणून फ्लेक्सवर माझा फोटो लागणार होता. सर म्हणाले, "मॅडम, जया वगैरे सोपं नाव घ्या ना. पालक विचारून राहिले, मॅडम नेमक्या कोणाच्या?" मला ती शाखा हवी होती. मी हो म्हटलं.

आई म्हणाली, "जर्रीन हे नाव आपलं न्हाई, खालानं ठेवलेलं. आधी खालाची ज्वारी परत कर."

आमच्याकडे मुलं जगत नसली की पुढचं बाळ सुपात घालून शेजारणीला 'विकतात'. ती सूपभर ज्वारी देते आणि नाव ठेवते. माझ्याआधीची दोन गेली होती. भूकंपानंतर पत्र्याच्या शेडमध्ये मी जन्मले आणि शेजारच्या शेडमधल्या हमीदाखालांनी, म्हणजे हमीदामावशींनी, मला घेतलं.

लातूरला जाणार असाल तर सकाळची एसटी पकडा. बायकांना अर्धं तिकीट, ज्वारीच्या पिशवीला काहीच नाही. लोह्यापर्यंत मी झोपले, पुढे रस्त्याने झोपू दिलं नाही. लातुरात निलंगा राईस जरूर खा. चौकाचौकात फ्लेक्सवर गुणवंत मुलं हसत असतात. खाली चालणारी मुलं हसत नाहीत.

औशाच्या पुढे खालांचं पुनर्वसित गाव. सगळी घरं सारखी, त्यामुळे मी आधी दोन चुकीच्या घरांत पाणी प्यायले.

"जर्रीन आली व्हय?" दारातून खाला म्हणाल्या. पहिल्या फटक्यात बरोबर. मला रडू आलं. धुळीचं निमित्त सांगता आलं असतं, पण धूळ नव्हती.

मी पिशवी पुढे ठेवून कारण सांगितलं. खालांनी पिशवीचं तोंड सोडून मूठभर ज्वारी हातात घेतली. "माझ्या लेकीचं नाव हाय ते. भूकंपात गेली. मग तू आली."

मग त्यांनी तीच ज्वारी गिरणीतून दळून आणली, भाकरी थापली, ठेच्याबरोबर माझ्यापुढे ठेवली. मी दोन खाल्ल्या.

"तुझी ज्वारी तूच खाल्ली," खाला म्हणाल्या. "मला कुठं परत मिळाली?"

नांदेडला आल्यावर सरांना नाही म्हणून सांगितलं. फ्लेक्स लागला. प्रमुख दुसरेच झाले याचं वाईट वाटतंच. खाली बायॉलॉजीसमोर माझं नाव मात्र पूर्ण आहे. सिग्नलला ऑटोवाल्याने ते चुकीचं वाचलं, मी दुरुस्त केलं.

"लई अवघड हाय, मॅडम. कुणी ठेवलं?"

"आईनं," मी म्हटलं.