प्राजूचं स्थळ आणि युरोपाचं पुढारपण

पुतणीच्या लग्नाच्या बैठकीत मी जर्मनी-फ्रान्सचा विषय काढला.

दादाच्या प्राजूसाठी आळे गावचे पाहुणे येणार होते. मुलगा तिला मनापासून आवडला होता, म्हणून घरात सगळ्यांचा जीव टांगणीला. बायकोनं मला सकाळीच बाजूला घेतलं.

“आवो, पावण्यांम्होरं राजकारण नको. मागचं स्थळ तुमच्या ग्रामपंचायतीपायी गेलं.”

मी शब्द दिला. गाव नाही, तालुका नाही, दिल्लीसुद्धा नाही. पोहे आले तसा मी सगळ्यात लांबचा विषय काढला. “पावणं, त्या युरोपातल्या देशांच्या संघाचा कारभार सुधारायचाय म्हणं. पुढारपण कुणी करावं, जर्मनीनं का फ्रान्सनं?” (या विषयावरून आमच्या बोरी गावात आजवर कुणाचं डोकं फुटलेलं नाही.)

मुलाचे वडील युरोपात द्राक्षं पाठवणारे. ते सावरून बसले. “जर्मनीनं. जो कमावतो त्यानंच म्होरं व्हावं.”

मुलाच्या मामांनी बशी खाली ठेवली. “म्हंजी पैसा नाय त्यानं बोलायचं नाय? फ्रान्सकडं इचार हाय, दाजी.”

“इचारानं ट्रॅक्टर चालत नाय.”

“ट्रॅक्टरचं हितं काढू नका.”

युरोप मागे पडला हे मला तेव्हाच कळायला हवं होतं. दादा डोळे वटारत होता, बायको दारातून हात जोडत होती. पण मध्यस्थी हा माझा जुना आजार! मी हसत म्हणालो, “मामा, फ्रान्सचं कसंय, घरजावयावानी. मान लई, पर तिजोरीची किल्ली सासऱ्याकडं.”

कुणीच हसलं नाही. मामा स्वतः घरजावई होते (डिंभ्याला). त्यांनी टोपी घातली. “उठा, दाजी.” आणि इतका वेळ त्यांच्याशी भांडणारे दाजी मुकाट उठले.

आतून प्राजूचा हुंदका ऐकू आला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तेवढ्यात मुलगाच बोलला. “मामा, बसा की. मला पोरगी पसंत हाय. तिच्या काकासंगं संसार करायचाय का मला?”

मामा बसले. दाजी दादाकडे वळले. “आमाला हुंडा नको, मानपान नको. एकच अट हाय.”

दादा पुढे सरकून बसला.

“लग्नात आशीर्वादाची भाषणं हुतील तवा, पोरीच्या काकाच्या हातात माईक द्यायचा नाय. मान्य आसंल त्यांनी हात वर करा.”

पहिला हात बायकोचा. मग दादाचा, मग पडद्यामागून प्राजूचाही. सगळे माझ्याकडे बघायला लागले, तेव्हा मीही केला. उगाच माझ्यामुळे एकमत कशाला मोडायचं!